इंजिनावरची जागा

“सहा सिलेंडर, सहा नळ्या. ज्याचा धूर त्याच्या वाटेनं. कुणी कुणाच्या आडवं जायाचं न्हाई,” बापू मिस्त्री हातातल्या नव्या हेडरवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर, थाप मारत म्हणाला. “गाडी वाघावानी डरकाळंल बघा, दादा.”

रंगरावदादांनी त्या चकचकीत नळ्यांवरून हात फिरवला. खोंड घ्यायला गेलेला माणूस त्याच्या पाठीवरून फिरवतो ना, तसा.

“डरकाळी ऱ्हाऊ दे. घाट वढंल का?”

“वढंल म्हंजे? भांडी भरून बी घाट पळत चढंल. आन् तुमच्या ह्या जुन्या धुराच्या मॅनिफोल्डाचं आता काय खरं न्हाई. वतीव लोखंडाचं, बीडाचं हाय, तडा गेलाय. ह्यो बघा. बीडाला वेल्डिंग टिकत न्हाई. धूर फुरफुरतोय बघा हितनं. केबिनमधी बी येत आसंल.”

“येऊ दे की,” दादा हसून आमच्याकडं बघत म्हणाले. “धुरातल्याच बायका हाईत.”

आम्ही धुरातल्या बायका गॅरेजच्या दारात टायरांच्या ढिगावर बसून ट्रक कधी निघतो याची वाट बघत होतो. विट्याचा नाका, एप्रिलातली सकाळ, आणि संध्याकाळी करगणीत लग्न. रंगरावदादांचा मंडप आणि केटरिंगचा धंदा होता. मांडव त्यांचा, भांडी त्यांची, आचारी त्यांचे, आणि पुऱ्या लाटायला आम्ही. त्या लाटणाऱ्या बायकांची म्होरकी मी. मला सगळे इंदाक्का म्हणायचे. तेव्हा माझं वय आक्का म्हणण्यासारखं नव्हतं, पण हातात लाटणं आणि तोंडात जरब असली की वय कुणी विचारत नाही.

ट्रक जुना. मागचा हौदा कढया, पातेली, बांबू यांनी भरलेला असायचा, म्हणून आम्ही बायका पुढं केबिनमध्ये कोंबून बसायचो. जुन्या गाड्यांना इंजिन अर्धं केबिनच्या आत असायचं, त्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर फाटकी गादी. बूड भाजणारी ती जागा सगळ्यात लहान बाईची. हा नियम कुणी केला नव्हता. आपल्याकडचे असले नियम कुणी करावे लागत नाहीत, ते आपोआप सगळ्यात लहान बाईवर जाऊन बसतात. आमच्यात सगळ्यात लहान वैजू होती. वैजयंता. लग्न ठरत आलेली, हसरी पोर. पुऱ्या अशा लाटायची की एकीवर दुसरी ठेवली तर कड पुढं येऊ नये.

ती त्या वेळी टायरांच्या मागं वाकून ओकत होती.

“झालं सुरू,” माझ्याशेजारची मालन म्हणाली. मालन माझ्याच वयाची, हात चालणारी आणि त्याहून तोंड चालणारी. “आज बी. गावातनं नाक्यापर्यंत आलो न्हाई तवर. परवा बी. त्याच्या आदल्या लग्नाला बी.”

“गाडी लागतीय तिला.”

“आसल्या गाडीला महिने लागत्यात आक्का, तास न्हाई.”

हे ती हळू बोलली असती तर मालन कसली? दादांचा हात हेडरवरचा निघाला. ते आमच्याकडं चालत आले.

“काय म्हनली?”

“मी काय न्हाई बाई,” मालन पदर सारखा करत म्हणाली. म्हणजे सगळं बोलून झालं होतं.

दादांनी टायरांकडं बघितलं, तिथनं येणारा आवाज ऐकला आणि मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन पावलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच.

“इंदाक्का, हे मला बी दिसतंय कवाधरनं. शुभकार्याचं अन्न हाय आपलं. लोकांच्या मांडवात असल्या हातच्या पुऱ्या घालू का मी? आजचं लग्न तेवढं निभवा, उद्यापास्नं हिला आणू नगा. आन् ते साहेबराव पाव्हनं माझं सोयरं हाईत. त्यांच्या घरात हिचं स्थळ मीच सुचवलंय. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची. त्यास्नी आंधारात ठिवलं तर माझं थोबाड कुठं दावू?”

“दादा, गेल्या आठवड्यात खानापूरच्या लग्नात ती पोर चार दिवसांची म्हणून बाजूला बसली होती. कढईकडं फिरकली नाही. मालनलाच विचारा, तिनंच तिला लांबनं ताट सरकवलं होतं.”

मालन आपल्या जोडव्यांकडं बघत बसली.

“बाजूला बसायचं नाटक कुनाला बी करता येतंय,” दादा म्हणाले.

मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलंय. पण हे वाक्य अजून सलतं. त्या चार दिवसांत पोरीला पाण्याच्या पिंपाला हात लावू द्यायचा नाही, मांडवाच्या कडेला गोणपाटावर बसवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं समजून घ्यायचं. तेव्हा ते खरं. आणि तीच गोष्ट तिच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहिली की नाटक!

माझ्या तोंडून काही निघायच्या आत दादा रस्ता ओलांडून पलीकडच्या फोनच्या डब्याशी पोचले सुद्धा. तिथनं त्यांचा आवाज येत होता. “हां साहेबराव... तूर्त थांबवा म्हन्तो मी... न्हाई, पोरीचं काय खरं दिसत न्हाई... संध्याकाळी हाईसाच की करगणीत, बोलू.”

पोरीचा जन्म नासवायला एक नाणं पुरलं.

मी टायरांमागं गेले. वैजू पायांत डोकं घालून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“आक्का, आईला काय सांगू मी?” ती म्हणाली. “आई म्हणती, आक्का हाईत म्हणून पाठवते.”

“आधी तोंड पूस.”

तिनं पदर ओला करून नाक-तोंड पुसलं. पदरावर काळं उमटलं. नाकपुडीतनं निघालेली काजळी, डोळ्यांत घालता येईल अशी.

मी तो पदर हातात धरून बघत राहिले. आमच्या पदरावर काजळी ही काही नवलाची गोष्ट नाही. चुलाणापुढून उठलं की सगळ्या जणी काळं शिंकरतो. पण त्या सकाळी चुलाण कुठं पेटलं होतं? भांडी अजून गाडीत, लाकडं गाडीत. पहाटे आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पोर गाडीत बसली होती.

“वैजे, लग्नात रात्री जेवतीस तेव्हा होतंय का तुला असं?”

“न्हाई.”

“सुट्टीच्या दिवशी घरात?”

“न्हाई, आक्का.”

“मागं आटपाडीला तू यष्टीनं आलीस, तेव्हा?”

ती माझ्याकडं बघायला लागली. “न्हाई की.”

मी तिथनं उठून सरळ बापू मिस्त्रीकडं गेले. “तो तडा दाखवा मला.”

त्यानं दाखवला. बोटभर चीर, आणि तिच्या समोर, जिथं झाकण बसतं तिथं, काळा भुरका पट्टा. चुलीच्या वर भिंतीला असतो तसा.

“हा धूर कुठं जातो?”

“आत. झाकनाच्या फटीतनं. इंजिनावर बसनाऱ्याला जास्त. गुलाब डायव्हरला काय न्हाई, त्यो कोपर भाईर टाकून चालवतोय.”

“हे दादांना सांगा.”

“सांगितलं की, तुमच्या म्होरंच!” तो म्हणाला. “तुमी धुरातल्या बायका म्हनलं त्यांनी.”

खरंच होतं. सांगून झालं होतं. मीही सांगून बघितलं होतं. आता सांगण्यात काही राम नव्हता. माणसाला एखादी गोष्ट कानातनं जात नसेल तर दुसरी वाट बघावी लागते.

“बापू, तुम्हाला हे हेडर विकायचंय ना?”

“मंग? हौस म्हनून काढलंय व्हय?”

“मग दादांना म्हणा, आज घाट चढताना गाडीत बसा. गाडी किती ओढते ते स्वतः बघा आणि ठरवा. आणि म्हणा, काचेकडं बसून काही कळत नाही. इंजिनावर बसा.”

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मग त्या काळ्या पट्ट्याकडं बघितलं, आणि मिशीवरनं हात फिरवला. “आक्का, तुमी लई वंगाळ हाईसा,” तो म्हणाला, आणि दादांना हाक मारायला गेला.

दादा एरवी मोटारसायकलनं पुढं जायचे. पण गाडीचा कान आपल्यालाच आहे, हा त्यांचा अभिमान. “इंजिनावर बसल्याबिगर काय कळनार?” असं मिस्त्री म्हणाल्यावर ते स्वतःच गादी झटकून बसले. मी वैजूला मागं हौद्यात चढवलं, कढयांच्या उतरंडीशेजारी, उघड्या वाऱ्यात.

“तिला मागं का?” मालननं विचारलं.

“असल्या बाईशेजारी दादा कसे बसतील?” मी म्हणाले. मालनला ते पटलं. पटलं, याचाच मला अधिक राग आला.

गाडी निघाली. गुलाबभाई मुलाणी आमचे ड्रायव्हर, मोजकं बोलणारा माणूस. नाका सुटल्यावर मी म्हणाले, “मालन, काच वर घे गं. धुरळा येतोय, पिठाच्या पोत्यावर बसेल.”

पीठ मागं होतं. मालननं काच वर घेतली. मी माझ्या पायाशी असलेली वाऱ्याची झडप लावली. गुलाबभाईंनी आरशातनं माझ्याकडं बघितलं, मग त्या झडपेकडं बघितलं, मग दादांकडं. त्यांनी आपलीही काच वर घेतली, स्वतःपुरती चार बोटं उघडी ठेवून. हेडर, मॅनिफोल्ड यातलं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण वैजू ओकायची तेव्हा गाडी थांबवून पाण्याची बाटली तेच पुढं करायचे.

सपाटीला दादा खुशीत होते. डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून, गवयापुढं बसल्यासारखे.

“ऐकतोय मी. तिसरं शिलेंडर अडखळतंय जरा.”

“व्हय, दादा,” गुलाबभाई म्हणाले.

घाट सुरू झाला. गाडी पहिल्या गिअरवर आली, इंजिन कण्हायला लागलं आणि झाकणाच्या फटीतनं धुराचा तो ओळखीचा वास आला. ओळखीचा, म्हणूनच आजवर कुणाला न कळलेला. आमचा जन्मच धुरापुढं गेला. डोकं दुखलं तर चुलाण, डोळे चुरचुरले तर चुलाण, खोकला आला तर चुलाण. गाडीलाही एक चूल आहे आणि ती एका पोरीच्या नाकाखाली पेटलीय, हे कुणाच्या डोक्यात यावं?

“वढ कमीच हाय,” दादा म्हणाले. पहिल्या वळणावर.

दुसऱ्या वळणावर म्हणाले, “उकडतंय जरा.”

“इंजिन आहे खाली, दादा. ती बसायची तिथं रोज.”

तिसऱ्या वळणावर टोपी काढली. कपाळावर घाम आला, पण तोंड पांढरं पडत चाललं होतं. शेजारी मालन कपाळ दाबत होती, “आगं आय गं, डोस्कं फुटाय लागलंय.” माझंही ठणकत होतं. पण त्या दिवशी मला ते ठणकणं गोड लागत होतं, खोटं कशाला सांगू?

“काच... काच खाली घ्या,” दादा म्हणाले.

“धुरळा येतोय, दादा.”

“गुलाब, थांबीव! थांबीव म्हन्तो ना!”

गाडी घाटमाथ्यावर कठड्याशी उभी राहिली. दादा आमच्या मांड्यांवरनं, पायांवरनं तुडवत खाली उतरले, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि सकाळपासनं खाल्लेलं सगळं दरीला अर्पण केलं. एकदा. दोनदा. मग नुसतेच उमासे देत राहिले.

आम्ही सगळ्या खाली उतरलो. मी मालनकडं वळले.

“मोज की गं आता. कितव्यांदा?”

मालननं कपाळ दाबायचं सोडलं.

मग मी दादांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि शक्य तितक्या मायेनं विचारलं, “दादा, आवळासुपारी देऊ, का चिंच खावीशी वाटतीय?”

गुलाबभाईंनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे गदगदत होते. एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच, पदर तोंडात कोंबून. मालनसुद्धा.

वैजू तेवढी हसली नाही. ती हौद्यातनं उतरली होती, वाऱ्यानं केस विस्कटलेली, गाल लाल, डोळे स्वच्छ. सकाळपासनं पहिल्यांदा ती माणसासारखी दिसत होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो दादांपुढं धरला. “चूळ भरा, दादा. एकदम पिऊ नगा, परत येतंय. मला ठाऊक हाय.”

दादांनी तांब्या घेतला. तिच्याकडं बघितलं नाही.

“गाडी लागली जरा,” ते म्हणाले.

“गाडी लागत नाही, दादा. गाडीचा धूर लागतो.” मी वर चढून झाकण उचललं, खालच्या बाजूनं बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. “हे तिच्या पदराला सकाळी निघालं. चूल पेटायच्या आधी.”

दादा हुशार माणूस. समजायला वेळ लागला नाही. कठड्यावर टेकून त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “गुलाब, परत जाताना मिस्त्रीला सांग. हेडर ठिवून दे म्हनावं. उद्याच बसवू.”

एवढंच! अख्खा हंगाम एक पोर त्या झाकणावर बसून आतडी पिळवटून ओकत होती, तर हेडर बसवावं की नाही हा ओढीचा, घाटाचा, डरकाळीचा प्रश्न होता. दादांच्या पोटातलं एकदा बाहेर आलं आणि निकाल लागला.

“आणि वैजू?” मी विचारलं.

“तिचं काय?”

“फोन केलाय तुम्ही.”

“हां... ते. सांगतो की साहेबरावांस्नी. गैरसमज झाला म्हन्तो. झालं गेलं आता.”

करगणीत पोचलो तेव्हा मांडव उभा राहिला होता. आम्ही चुलाणं पेटवली, परातीत पीठ मळायला घेतलं. साहेबराव पाव्हणे नवरीकडचे, ते कढईपाशीच आले. जाड, शांत, सुपारी चघळणारा माणूस. दादांनी त्यांना चार पावलं बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सकाळसारखंच. सगळ्यांना ऐकू येईल इतकं.

“पाव्हनं, त्यो मगाचा फोन... जरा गैरसमज झाला. गाडीचा धूर लागत हुता पोरीला. बाकी काय न्हाई.”

“आसंल, आसंल,” साहेबराव म्हणाले. सुपारी या गालातनं त्या गालात गेली. “पन आता कानावर आलंय न्हवं? घरात बी कळलंय. एकदा डाक्टरचा दाखला आना. मंग सुपारी फोडू. आमाला बी लोकांस्नी तोंड द्यायचं आसतंय.”

“रास्त हाय,” दादा सुटल्यासारखे म्हणाले. “आनू की. त्यात काय?”

त्यात काय! माझ्या हातात झारा होता, समोर उकळतं तेल होतं, आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वैजू उठली. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. ती त्या दोघांपुढं जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“मामा, दाखला मिस्त्रीकडं मिळंल,” ती म्हणाली. “बिघाड गाडीत हुता. माझ्यात न्हाई. आन् सुपारी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ही सोयरीक मला नगं हाय.”

“वैजे!” दादा ओरडले.

“पोरगी तोंडाळ हाय, रंगराव,” साहेबराव म्हणाले. “बरं झालं आधी कळलं.”

“मला बी,” वैजू म्हणाली, आणि येऊन पोळपाटापुढं बसली. पहिल्या दोन पुऱ्या वाकड्या झाल्या. मालननं त्या गुपचूप उचलून पिठाच्या गोळ्यात परत मिसळल्या आणि स्वतःच्या चार गोल पुऱ्या तिच्या ताटात सरकवल्या. तिच्या परीनं ती माफी असावी. तोंडानं तिनं ती कधी मागितली नाही. कुणीच मागितली नाही.

मोडलेलं स्थळ म्हणून वैजूची आई महिनाभर रडली. मला बोलली, ते मी ऐकून घेतलं.

घाटातला तो किस्सा मात्र पंचक्रोशीत गाजला. रंगरावदादांना घाटात डोहाळे लागले, इंदाक्कानं चिंच विचारली. वरातीत, पारावर, गॅरेजवर, वर्षानुवर्षं सांगतात आणि पोट धरून हसतात. दादा स्वतःही सांगतात. आणि ‘गाडीचं हेडर का बदललं’ असं कुणी विचारलं, तर म्हणतात, “घाटात वढत नव्हती.” त्या किश्श्यात गाडी आहे, घाट आहे, दादा आहेत, मी आहे, चिंचसुद्धा आहे. वैजू नाही. कुणाला तिची उणीव भासत नाही. तिच्याशिवाय गोष्ट जास्त हसू आणते, म्हणून असेल.

हेडर बसलं त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाला गाडी खरंच वाघासारखी डरकाळत गल्लीत आली. दादा त्या दिवशी खास गाडीसोबत होते. त्यांनी काचेकडची जागा हातानं झटकली.

“वैजू, ये, हितं बस. वारं येतंय हितं. इंजिनावर आता काय सुदिक धूर न्हाई, पर तू हितं बस.”

वैजूनं त्या जागेकडं बघितलं. गादीकडं बघितलं. मग पदर खोचला, मागच्या चाकावर पाय दिला आणि हौद्यात चढून कढयांच्या वर जाऊन उभी राहिली.

“पडशील की गं!” दादा खालनं ओरडले.

तिनं केबिनच्या टपावर दोनदा हात आपटला. गुलाबभाईंनी गिअर टाकला. दादा अजून दार धरून रस्त्यातच उभे होते, तोवर गाडी हलली सुद्धा.